शिल्पकाराचे शेत

अमेरिकी शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बोल्टन लँडिंग येथे कायमचे बिऱ्हाड केले. तेथील घर आणि कार्यशाळा ही दोन्ही त्यांनी स्वतः राबून उभारली. तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात हाताळलेल्या पोलादाला ते येथे झाळून शिल्परूप देत. तयार शिल्पे ते घराभोवतीच्या शेतात उभी करीत आणि त्यांची छायाचित्रेही स्वतःच घेत. कॅमेरा जमिनीलगत ठेवल्यामुळे शिल्पामागे डोंगर आणि आकाश तेवढे येई. १९६५ मध्ये वाहन-अपघातात त्यांचा अंत झाला आणि पुढे पुष्कळशी शिल्पे संग्रहालयांत विखुरली. शिल्प कोणत्याही दालनात पाहता येते. परंतु ज्या गवतावर, ज्या उजेडात त्याच्या कर्त्याने ते उभे केले, त्याची साक्ष ही छायाचित्रेच देतात.