दुर्गम शाळेतील शिक्षकाचे वेतन आणि प्रोत्साहन

(गोंदिया जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वेतनाचा विषय व्यासपीठावरून मांडण्यास पुष्कळ वक्ते संकोचतात. विद्यादान हे पवित्र कार्य होय, असे एकदा म्हटले की पगाराची चर्चा गौण ठरते. परंतु सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखाद्या टोल्यावरची शाळा नीट चालावयाची असेल, तर तेथे जाणाऱ्या शिक्षकाला काय मिळते आणि ते कोण ठरविते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

वेतन कोठे ठरते?

जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा निर्माण झाला. शिक्षकाची नेमणूक, सेवापुस्तक व दैनंदिन प्रशासन जिल्हा परिषद पाहते. वेतनश्रेणी मात्र राज्य शासन ठरविते आणि वेतनाचा भार शासकीय अनुदानातून उचलला जातो.

अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक मंडळे बहुतेक ठिकाणी स्वतः कर आकारतात आणि आपापल्या शिक्षकांचे वेतन ठरवितात. त्यामुळे संपन्न वस्तीतील शिक्षकास अधिक व गरीब वस्तीतील शिक्षकास कमी, असे चित्र तेथे दिसते. आपल्याकडे अर्जुनी मोरगावच्या आणि पुण्याच्या जिल्हा परिषद शिक्षकाची वेतनश्रेणी एकच आहे. हा समतेचा मोठा लाभ होय. परंतु वेतनश्रेणी सर्वत्र सारखी असली की, जेथे भाड्याने घर मिळत नाही आणि दवाखाना दूर आहे, त्या गावी जाण्यास शिक्षक सहसा उत्सुक नसतो. प्रोत्साहनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सेवेच्या पायऱ्या

नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करतो. प्राथमिक स्तरावर हे मानधन बराच काळ दरमहा ६,००० रुपये होते; १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या श्रेणीत प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते.

शिक्षकाला पदोन्नतीच्या संधी थोड्या असतात. यासाठी बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर मर्यादित संख्येने निवडश्रेणी, अशी व्यवस्था आहे. १९८३ साली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांच्या नावावरून शिक्षकवर्ग बारा वर्षांच्या श्रेणीला आजही ‘चट्टोपाध्याय’ म्हणतो.

प्रशासनाची शिडी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी चढत जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत १५० हून अधिक पटाच्या प्राथमिक शाळेसाठी मुख्याध्यापकाची तरतूद आहे. टोल्यावरच्या दोन शिक्षकी शाळेचा पट तेथवर पोहोचत नाही. मग दोघांपैकी एकजण वर्ग सांभाळून शालेय पोषण आहाराचा हिशेब, अहवाल आणि बैठका पाहतो. हे काम मुख्याध्यापकाचे असते. वेतन मात्र शिक्षकाचेच राहते.

प्रोत्साहनाची किंमत

आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय महत्त्वाचा आहे. अशा भागात कार्यरत असेपर्यंत एक स्तर वरची वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के, परंतु किमान २०० व कमाल १,५०० रुपये, इतका प्रोत्साहन भत्ता त्यात ठरविण्यात आला. गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांना ‘एकस्तर’ हा शब्द परिचित झाला तो यामुळेच.

आता थोडा हिशेब करू. २००२ साली प्राथमिक शिक्षकाची श्रेणी ४,५०० रुपयांपासून सुरू होत असे. त्याचे १५ टक्के म्हणजे ६७५ रुपये. कमाल मर्यादा त्याहून पुष्कळ वर होती. २९,२०० रुपयांचे १५ टक्के ४,३८० रुपये होतात. येथे १,५०० रुपयांची मर्यादा लावली, तर भत्ता मूळ वेतनाच्या जेमतेम पाच टक्के उरतो. टक्केवारी कागदावर तीच राहते. प्रोत्साहन मात्र एक-तृतीयांशावर येते. रुपयांत बांधलेली मर्यादा वेतन आयोगागणिक तपासली पाहिजे, हा यातील बोध आहे.

पैशाखेरीज बदलीचे धोरण हेही प्रोत्साहनच आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शाळांची अवघड व सर्वसाधारण अशी विभागणी केली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा केलेल्यांना बदलीचा हक्क दिला. यामुळे दुर्गम गावी जाण्यास शिक्षक तयार होतो. पण तीन वर्षांनी तो निघूनही जातो. गोंडी बोलणाऱ्या मुलांची भाषा त्याला नुकती समजू लागलेली असते.

निकालावर वेतन?

मुलांच्या गुणांनुसार शिक्षकाला पैसे द्यावेत, असे काहीजण सुचवितात. इंग्लंडमध्ये १८६२ साली ही पद्धत सुरू झाली. घोकंपट्टी वाढल्याच्या तक्रारींनंतर ती शतकाअखेर सोडून देण्यात आली. उलट, आंध्र प्रदेशच्या ग्रामीण शाळांत २००५ पासून झालेल्या प्रयोगात गुणवाढीशी निगडित बक्षिसामुळे मुलांची प्रगती झाल्याचे मुरलीधरन व सुंदररामन यांनी दाखविले. तेथे मोजणी मुलाच्या आधीच्या गुणांच्या तुलनेत होत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. भात रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडणाऱ्या शाळेची तुलना शहरातील शाळेच्या निकालाशी करणे अन्यायाचे होईल.

माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. भत्ता टक्केवारीने द्यावा व त्याची कमाल मर्यादा वेतनाबरोबर वाढवावी. दुर्गमता तालुक्यावरून न ठरविता प्रत्येक शाळेचे अंतर, रस्ता व पावसाळ्यातील संपर्क पाहून ठरवावी. मुख्याध्यापकाचा भार वाहणाऱ्या शिक्षकास त्याचा मोबदला मिळावा. आणि जो तीन वर्षांनंतरही स्वेच्छेने तेथेच राहील, त्याला वाढीव लाभ व राहण्याजोगे निवासस्थान द्यावे.

मुख्यालयी राहण्याची अट शासनाने घालावी, हे योग्यच. परंतु त्या गावी राहता येईल अशी सोय करणे हेही शासनाचे, जिल्हा परिषदेचे आणि ग्रामस्थांचे कर्तव्य आहे. शिक्षक पाच-सात वर्षे टिकला, तर टोल्यावरचे मूल पहिलीपासून चौथीपर्यंत एकाच ओळखीच्या माणसाच्या हाताखाली शिकते. दुर्गम भागातील भत्त्याचा खर्च याच कसोटीवर तपासला जावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.