मीटर दारातच सुरू करा



उरणजवळच्या द्रोणागिरीवरून पाण्यापलीकडे ट्रॉम्बे दिसतं. 1956 साली ‘अप्सरा’ अणुभट्टी तिथंच सुरू झाली. डोंगराच्या उत्तरेला न्हावा-शेवा बंदर आहे. तिथं उतरणाऱ्या कंटेनरांतून भंगारही येतं, आणि त्यात कधी किरणोत्सारी स्रोत लपलेला असू शकतो. दोन्हीकडे गॅमा किरण मोजावे लागतात, आणि त्यासाठी बरेचदा वायू भरलेली नळी वापरतात.

रचना साधी आहे. धातूचा पोकळ दंडगोल, मधोमध बारीक तार, आत कमी दाबाने भरलेला निऑन किंवा अरगॉन. तार आणि भिंतीत चार-पाचशे व्होल्टचा फरक. आता गंमत ऐका. गॅमा किरण वायूत अडकतो असं आपल्याला वाटतं, पण वायू इतका विरळ, की बहुतेक किरण आरपार निघून जातात. एखादा भिंतीवर आदळतो, एक इलेक्ट्रॉन उडवतो आणि तो इलेक्ट्रॉन वायूत शिरतो. पुढं तारेजवळ एकाचे कोट्यवधी होतात आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं. शंभर गॅमांमागे जेमतेम एखादा असा सापडतो!

खरं कसब लागतं ते हे टकटकणं वेळीच थांबवायला. पूर्वी त्यासाठी अल्कोहोलची वाफ मिसळत. ती हळूहळू खर्च होई आणि नळी निकामी होई. मग ब्रोमीन-क्लोरीनची चिमूट आली. त्यांचे रेणू तुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून नळी पुष्कळ टिकते. भरताना मात्र आत हवा किंवा ओलावा राहिला, की सगळी मेहनत फुकट.

बंदरांच्या फाटकांवर सहसा वेगळे, प्लॅस्टिकचे मोठे शोधक असतात, कारण ट्रक थांबत नाही आणि नळी फारच थोडे किरण पकडते. पण माणसाच्या हातात नळीचाच मीटर सोयीचा. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-60 सापडला, एका कामगाराचा जीव गेला. असे स्रोत हुडकायला हातातलं यंत्रच लागतं.

त्याची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. प्रत्येक टकटकीनंतर नळी क्षणभर आंधळी होते. किरणांचा मारा प्रचंड असेल, तर तिला उसंतच मिळत नाही आणि काही मीटरांचा काटा चक्क शून्याकडे उतरतो. अशा ठिकाणी आयनीभवन कक्ष वापरावा. तो एकेक किरण मोजत नाही, एकूण प्रवाह मोजतो. आणि हाती नळीचाच मीटर असेल, तर तो दारातच सुरू करा आणि काट्यावर नजर ठेवूनच आत जा. काटा टोकाला जाऊन एकाएकी पडला, तर मीटर बिघडला असं समजू नका, तडक मागे फिरा.