सहा इंचांची पायरी



इंदूर ही होळकरांची नगरी. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी इथे आला आणि माळव्याने त्याला आपले म्हटले. त्यामुळे सामाजिक समावेशन आम्हाला कुणी शिकवायला नको, असे म्हणायचा मोह होतो. पण बाहेरून आलेल्याला जागा देणे वेगळे आणि घरातच असलेल्या माणसाला रस्त्यापर्यंत येऊ देणे वेगळे. या दुसऱ्या कामात आपण सारेच कमी पडलो आहोत, आणि त्याचे एक कारण आपण विचारत आलेल्या प्रश्नांत आहे, असे मला वाटते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाबद्दलचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. व्याख्या निराळ्या असल्याने हे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, हे मान्य. तरीही तफावतीचा मोठा भाग प्रश्नातून येतो. प्रगणक उंबऱ्यावरून ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असे विचारतो, तेव्हा लग्नाच्या मुलीचा बाप ‘नाही’ म्हणतो. मोतीबिंदू झालेली आजी तर कुणाला आठवतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाने म्हणून तो शब्दच टाळला. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला किंवा जिने चढायला त्रास होतो का, असे सहा साधे प्रश्न त्याने तयार केले.

पण त्रास कुणाला होतो हे कळले, तरी तो कुठल्या दारात होतो हे कळायचे राहतेच. दुकानाच्या सहा इंची पायरीला एकास बारा या प्रमाणाने सहा फूट लांबीचा उतार लागतो. तिथे दोन फुटांचा लोखंडी पत्रा टाकला जातो, पाहणीच्या तक्त्यात ‘रॅम्प : होय’ अशी नोंद होते, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस पत्र्यापासून परत फिरतो, कारण तेवढ्या चढावर खुर्ची मागे कलंडते. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरील अपंग व्यक्तींपैकी जेमतेम २३.८ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. उरलेल्यांचे शरीर आडवे आले की हा पत्रा, हे त्या आकड्यातून कळत नाही. आपल्या संशोधनाने तेच शोधावे, असा माझा आग्रह आहे.

कुणी म्हणेल, अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, आता अंमल करा, अभ्यास कशाला? पण कशाचा अंमल, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. इंदूर स्वच्छतेत २०१६ साली २५ व्या क्रमांकावर होते, २०१७ मध्ये पहिले आले. गल्लोगल्लीच्या कचऱ्याचा हिशेब ठेवला म्हणून. पायऱ्यांचा तसा हिशेब अजून कुणी ठेवलेला नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा : येणारेच थोडे, मग एवढी सोय कुणासाठी? येता येत नाही म्हणून तर ते थोडे दिसतात. याच शहरात तुकोगंज पोलीस ठाण्यात कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचे मदतकेंद्र आहे. ऐकून घेणारे कुणी असले की तक्रारदार येतात. तिसरा आक्षेप जास्त जुना आहे : काही कामे अपंगांना जमणारच नाहीत. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवा नियमांतला ६-अ हा नियम दृष्टिहीनांना न्यायाधीश होऊ देत नव्हता. एका उमेदवाराच्या आईने पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला. अंध माणूस न्याय करू शकत नाही, हे कुणी तपासून ठरवलेले नव्हते, धरून चाललेले होते. अशी धरून चाललेली गृहीतके एकेक करून तपासायला आपण या परिषदेत जमलो आहोत.

आता एक विनंती. सांकेतिक भाषेचे दुभाषे दर अर्ध्या तासाने जागा बदलतील. ती अदलाबदल होईपर्यंत वक्त्यांनी बोलणे थांबवावे, म्हणजे कुणाचे वाक्य अर्धवट राहणार नाही.