जबड्याच्या सांध्याचे दुखणे
(मंडळाच्या सभेत एका दंतवैद्य भगिनीने दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसबाईंना मी विषय कळविला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "गुडघा समजतो, कंबर समजते; जबड्याला कसला आला आहे सांधा?" तेव्हाच मी ठरविले की बोलावयाचे ते यावरच.

कानाच्या अगदी पुढे गालावर बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटाखाली हलतो तो हा सांधा. तो बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, पुढेही सरकतो. त्याच्या दोन हाडांमध्ये चिवट तंतूंची एक लहानशी चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज होतो. पुष्कळांना तो होतो; दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्यासाठी काहीएक करू नये. आपलीच तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात ना, एवढे पाहावे.

हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि तेही विशी-चाळिशीच्या ऐन कामाच्या वयात आढळते. माझ्याकडे नालासोपाऱ्याच्या एक बाई आल्या. कानात कळ येई, म्हणून प्रथम घरी लसणीचे तेल घालून झाले. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला असल्याचे सांगितले. मग दाढच असणार म्हणून एके ठिकाणी दाढ काढविली. कळ राहिली म्हणून शेजारची दुसरी. जुनी क्ष-किरण चित्रे मी पाहिली. दोन्ही दाढा निकोप होत्या! आता "तिसरीही काढा" म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

दुखत होते ते चावण्याचे स्नायू. ते थकले की त्यांची कळ दाढेत, कानात, कानशिलात उमटते. "रात्री दात खाता का?" असे विचारले, तर त्यांना ठाऊक नव्हते, बरोबर आलेल्या मुलीला ठाऊक होते. दिवसाही त्या दातांवर दात आवळून बसत. पहाटेची लोकल, कचेरी, घर. आवळायला कारणे कमी का आहेत? एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असावेत, हे आपल्याला कोणी शिकवीतच नाही.

त्यांना सांगितले ते साधेच होते. काही आठवडे मऊ भात, पेज, वरण. आपली वसईची सुकेळी, ऊस, चिक्की बंद. जांभई येताच हनुवटीखाली हात. गालावर ओल्या फडक्याचा सोसेल असा शेक. फोन मान वाकडी करून खांद्यात धरावयाचा नाही. रात्री दातांवर बसविण्याची एक पट्टी त्यांच्या मापाने करून दिली. तिला स्प्लिंट म्हणतात. बहुतेकांना एवढ्यानेच आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

1934 साली अमेरिकेतील कॉस्टेन नावाच्या कानघशाच्या डॉक्टरांनी या दुखण्याचे मूळ पडलेल्या दाढांत आहे असे मांडले. त्या मतावरून पुढे कित्येक वर्षे लोकांचे दात घासून आणि उंच करून चाव जुळविण्याचे उपचार झाले. ते मत आज टिकलेले नाही. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी दात घासावयास किंवा काढावयास निघाले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या. त्यात संकोच कसला?

मात्र दोन गोष्टींत थांबू नका. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड कमी उघडू लागले आणि तिखट झोंबू लागले, तर तो सांधा नव्हे. तोंडातील आवरण आखडत असते, आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. दुसरे, जिना चढताना जबडा दुखतो, घाम सुटतो, दम लागतो, असे झाले तर दंतवैद्याकडे नव्हे, तडक इस्पितळात जावे. ते हृदयाचे असू शकते.

आणि जांभई देता देता जबडा निखळून तोंड उघडेच राहिले, तर घरच्यांनी ओढाताण करू नये. डॉक्टर अंगठे खालच्या दाढांवर दाबून तो खाली-मागे सरकवून बसवितात.

खर्चाची काळजी असेल त्यांनी विरारची जलद लोकल धरून मुंबई सेंट्रलला उतरावे. तेथे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे. बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सरकारी दंत महाविद्यालय आहे. जाताना जुनी क्ष-किरण चित्रे घेऊन जा, आणि कळ केव्हा येते, सकाळी उठताना की जेवताना, हे आठवडाभर कागदावर टिपून न्या. त्या बाईंनी तसे टिपले होते. सातही दिवस एकच नोंद होती: "सकाळी उठल्यावर". त्यांची तिसरी दाढ अजून तोंडात आहे.