गर्भाच्या हृदयाचे माप

उधना हे सुरतेच्या दक्षिण अंगाचे उद्योगनगर. तेथील यंत्रमागांवर राबणाऱ्या हातांत खानदेशी हात पुष्कळ आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या गावांना उधन्याशी जोडणारा लोहमार्ग म्हणजे या कुटुंबांची सासर-माहेरची वाटच होय. संसार उधन्यात थाटला, तरी पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अनेक घरांत टिकून आहे. या रीतीत वावगे काही नाही. मात्र गर्भाच्या हृदयाची तपासणी ज्या आठवड्यांत व्हावयास हवी, ते आठवडे एका गावी जातात आणि प्रसूती दुसऱ्याच गावी होते. या दोहोंच्या मध्ये ती तपासणी राहून जाऊ नये, म्हणून तिचे स्वरूप समजावून घेणे अगत्याचे आहे.

ही विद्या जन्मली तीही एका कारखान्याच्या आश्रयाने. पोलादातील अदृश्य तडे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून हुडकण्याची यंत्रे बॉयलरच्या कारखान्यांत वापरीत असत. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1955 साली अशाच एका यंत्रावर शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या, आणि 1958 साली आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीच्या लहरी सेकंदाला वीस लक्षांहून अधिक वेळा कंप पावतात. त्या उदरात शिरतात, निरनिराळ्या ऊतींवरून परततात आणि पडद्यावर चित्र उमटते. यात क्ष-किरण नसतात.

अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचे हृदय अवघे दोनएक सेंटिमीटर रुंदीचे असते. तरीही त्याचे चारही कप्पे या चित्रात ओळखता येतात. छातीचा आडवा छेद पडद्यावर धरावयाचा, हृदय सैल पडून रक्ताने भरले की चित्र थांबवावयाचे, आणि मग हृदयाचा व छातीचा घेर मोजावयाचा. निरोगी गर्भात हृदयाचा घेर छातीच्या घेराच्या साधारण निम्मा असतो. क्षेत्रफळाने पाहिले, तर हृदय छातीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापते. गर्भ वाढतो तसे हृदय आणि छाती ही दोन्ही वाढतात, म्हणून हे प्रमाण फारसे बदलत नाही. जिला पाळीची तारीख नेमकी आठवत नाही, तिच्या बाबतीतही हे माप उपयोगी पडते, ते याच कारणाने.

हे प्रमाण वाढलेले दिसले, तर प्रथम एक विवेक करावा लागतो. अपूर्णांक मोठा होतो तो वरचा आकडा वाढल्याने किंवा खालचा आकडा घटल्याने. गर्भजल फार कमी असून फुप्फुसे नीट वाढली नसतील, तर छातीच लहान राहते आणि प्राकृत हृदयही मोठे भासते. हृदय खरोखरच मोठे असेल, तर त्याची कारणे अनेक. झडप गळकी असणे, स्नायू दुर्बळ असणे, ठोके अतिशय जलद वा अतिशय मंद पडणे, ही त्यांतील काही. गर्भास रक्तक्षय झाला असता पातळ रक्त अधिक वेगाने फिरविण्याच्या श्रमानेही हृदय मोठे होते.

यांतील काही कारणांवर जन्मापूर्वीच उपाय करता येतो. आई आरएच निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असला, तर आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात. अशा गर्भास उदरातच रक्त देण्याचा पहिला प्रयोग न्यूझीलंडमधील विल्यम लायली यांनी 1963 साली यशस्वी केला. आज सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली थेट नाळेतील शिरेत रक्त देता येते. त्याहून सोपे म्हणजे वेळीच अँटी-डी इंजेक्शन देऊन ही आपत्ती टाळणे. ठोके अतिजलद पडत असतील, तर आईला दिलेले औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व पुष्कळदा ते ताळ्यावर येतात.

तथापि या मापाची मर्यादाही ध्यानात ठेविली पाहिजे. हृदयाचा आकार प्राकृत असूनही त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून तज्ज्ञ केवळ घेरावर न थांबता या वाहिन्यांची दिशाही पाहतो. शंका आली, तर गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र, सविस्तर तपासणी करावी लागते. एका मोठ्या आकड्याने धीर सोडू नये आणि एका चांगल्या आकड्याने निर्धास्तही होऊ नये.

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ बालकांना जन्मजात हृदयविकार असतो. त्यांतील काही जन्मतः धडधाकट दिसतात. गर्भावस्थेतील एक रक्तवाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटली, की ती एकाएकी निळी पडू लागतात. असे मूल आडगावी जन्मले, तर औषध आणि शस्त्रक्रिया यांच्यापर्यंतचा प्रवासच त्याच्या जिवावर बेतू शकतो. दोष आधी कळला असेल, तर प्रसूतीचे ठिकाणच विचारपूर्वक निवडता येते. या तपासणीचे सर्वांत मोठे मोल येथे आहे. माहेरचा जिव्हाळा अमूल्य खरा; परंतु अशा प्रसंगी हृदयरोगतज्ज्ञ जवळ असणारे रुग्णालय हेच त्या बालकाचे खरे आजोळ.

सोनोग्राफीला 1994 च्या कायद्याने एक मर्यादा घातली आहे. गर्भाचे लिंग विचारणे वा सांगणे हा गुन्हा आहे. हृदयाची तपासणी मात्र कायद्याने निषिद्ध नाही. ती संकोचाने टाळण्याचे कारण नाही. 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेस शासकीय आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी ठरविलेली आहे. पाचवा महिना लागताच तेथे जाऊन सोनोग्राफीविषयी विचारावे. आणि माहेरच्या गाडीत बसताना, लुगड्यांच्या घडीत का होईना, तपासणीचे कागद जपून सोबत न्यावेत. गुजरातेत लिहिलेला तो आकडा खानदेशातील डॉक्टरालाही तितकाच वाचता येतो.