दवाखान्यातली नोंदवही



तालुक्याच्या दवाखान्यात गेलात, की आधी कोण भेटते? डॉक्टर नव्हेत. दारापाशी मेजामागे बसलेले माणूस भेटते. ते नाव लिहून घेते, केसपेपर काढते, नंबर देते. आज त्या कामाविषयी चार गोष्टी सांगाव्या, असे आम्ही योजले आहे. तुमच्या लेकीसुनांपैकी कित्येकींना हे काम जमेल. मुलांनाही जमेल.

"पण गुरुजी, आम्हांला अनुभव कुठला?" असे तुम्ही म्हणाल. अहो, अनुभव कामावरच येतो. सरकारी नोकरीला शिक्षणाची अट असते, हे खरे. मोठ्या इस्पितळातही शिक्षण आणि संगणक विचारतात. लहान खासगी दवाखान्यात मात्र डॉक्टर पुष्कळदा नवे माणूस घेऊन शिकवतात. ते काय पाहतात? अक्षर वाचता येते का, माणूस वेळेवर येते का, बोलणे नीट आहे का. बस्स.

पहिली गोष्ट नावाची. शाळेच्या हजेरीपटात एकाच नावाची दोन मुले आली, की आम्ही बापाचे नाव पाहत असू. दवाखान्यात हे फार जपावे लागते. एका गावात चार शांताबाई असतात. एकीचा कागद दुसरीला गेला, तर औषधही चुकीचे जाईल. जिवावर बेतेल! म्हणून पूर्ण नाव, वय, गाव आणि फोनचा नंबर लिहावा. लिहिलेले त्या माणसाला वाचून दाखवावे. 'बरोबर आहे ना?' असे विचारावे.

दुसरी गोष्ट नंबराची. नंबर सर्वांना सारखा, पाटील असो की मजूर. पण काही रोग्यांना नंबर लावायचा नसतो. साप चावलेला, छातीत कळ आलेला, धाप लागलेला, झटके येणारे मूल, अडलेली बाळंतीण. असे कोणी आले, की लेखणी खाली ठेवावी आणि डॉक्टरांना तत्काळ हाक मारावी. डॉक्टर नसतील, तर १०८ नंबरला फोन करावा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ सालापासून चालू आहे. तिला पैसे पडत नाहीत. औषध मात्र आपल्या मनाने सांगू नये.

तिसरी गोष्ट गुपिताची. कोणाला कोणता आजार आहे, हे पाणवठ्यावर बोलू नये. घरीसुद्धा बोलू नये. क्षयाच्या रोग्याची गोष्ट फुटली, तर तो लाजेने दवाखान्यात येणे सोडतो. औषध अर्धवट राहते, आजार बळावतो, घरच्यांनाही लागतो. एच.आय.व्ही.च्या रोग्याचे गुपित राखावे, असा तर २०१७ सालचा कायदाच आहे.

चौथी गोष्ट सुरुवातीची. आपल्या हाताने अर्ज लिहावा आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटावे. 'काम शिकायची तयारी आहे,' असे सरळ सांगावे. पगार किती, वेळ कोणती, सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. त्यात लाज कसली? 'नोकरी लावून देतो, आधी पैसे द्या,' म्हणणाऱ्याला दारात उभे करू नये. पुढे संगणक शिकावा. दहावी राहिली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते.

आणि आज रात्री एवढे करा. वही घ्या. घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय आणि गाव लिहा. मग ज्याचे त्याला वाचून दाखवा. एकही चूक निघाली नाही, तर समजा, कामाचा पहिला धडा तुम्ही घरीच शिकलात.