वर्दीआधीची वर्दी

26 नोव्हेंबर 2008, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र, गिरगाव चौपाटी. समोर हल्लेखोर कसाबची एके-47, आणि पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हातात नुसती लाठी. त्यांनी बंदुकीची नळी घट्ट धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, म्हणून तर खटला उभा राहिला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. साताऱ्याकडचा हा माणूस पोलिसांत येण्याआधी लष्करात होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

फौजेतून आलेला पोलीस बंदूक चालवायला उतावीळ असणार, असं आपण सहज धरून चालतो. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात वेअर्टन नावाचं छोटं शहर आहे. तिथे 2016 साली पिस्तूल हाती धरलेला एक तरुण पोलिसाला म्हणू लागला, ‘मला गोळी घाल.’ हा पोलीस पूर्वी मरीन म्हणून अफगाणिस्तानात राहून आलेला. हत्यार दिसलं म्हणजे लगेच चाप ओढायचा नसतो, समोरच्याचा इरादा आधी जोखायचा, ही तिथली शिकवण. तो बोलत राहिला. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाने गोळी झाडली, तरुण गेला. पिस्तूल रिकामं निघालं! आणि नोकरी गेली ती गोळी न झाडणाऱ्याची. त्याने दावा लावला. 2018 मध्ये शहराने तडजोडीत 1,75,000 डॉलर मोजले.